विंडोज ११ टाकण्याआधी जुन्या संगणकाची शाकारणी

विंडोज १० या संगणकप्रणालीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. तेव्हापासून घरोघरच्या आणि छोट्या कार्यालयांतल्या संगणकांच्या पडद्यावर मधूनच एक सूचना झळकते, आणि ती वाचून बहुतेकांच्या मनात एकच शंका येते, की हा चांगला चालणारा संगणक आता भंगारात काढायचा की काय. दुकानदाराला विचारावे तर तो नव्या यंत्राची किंमत सांगतो. ओळखीतल्या एखाद्या जाणत्या मुलाला विचारावे तर तो 'टीपीएम', 'यूईएफआय' असे शब्द फेकून मोकळा होतो. यंत्र टिकवण्याजोगे आहे की नाही, हे खरे तर अर्ध्या तासात घरबसल्या तपासता येते. प्रणाली बदलण्याचे काम दोन-तीन तासांचे असते. त्याआधीची तयारी नीट केली नाही, तर मात्र त्याचा मनस्ताप महिनोन्महिने पुरतो.

देखभाल थांबली म्हणजे काय झाले?

संगणकप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारी. कोणत्या सॉफ्टवेअरला किती स्मरणशक्ती द्यायची, प्रिंटरकडे कागद कधी पाठवायचा, कोणती फाइल कोणाला उघडू द्यायची, हे सगळे ती ठरवते. विंडोज १० हा कारभारी २९ जुलै २०१५ रोजी रुजू झाला. इतक्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेच्या फटी सापडतच राहतात, आणि त्या बुजवणारी दुरुस्ती, म्हणजेच 'अपडेट', दर महिन्याला येत असते. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर ती आपोआप येणे बंद झाले, एवढाच या घटनेचा अर्थ. संगणक बंद पडलेला नाही, आणि पडणारही नाही.

कोकणातल्या कौलारू घराची पावसाळ्यापूर्वी शाकारणी करतात, तसेच हे आहे. एका वर्षी शाकारणी राहिली म्हणून घर कोसळत नाही. आधी कुठेतरी एक कौल सरकते, मग वाशाला ओल येते, आणि आतून कुजलेले लाकूड दिसते तेव्हा खर्च दसपट झालेला असतो. त्यातच नव्या विंडोजसाठी दुरुस्ती जाहीर झाली, की जुन्या विंडोजमध्येही तशीच फट कुठे असेल याचा अंदाज चोरांना आयताच मिळतो.

'पण माझ्याकडे अँटिव्हायरस आहे, आणि चोरण्यासारखे काही नाही'

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. त्याने ज्या फटीचा उपयोग केला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. बळी पडले ते ही दुरुस्ती न घेतलेले संगणक. त्या विषाणूने कोणाकडे चोरण्यासारखे काय आहे याची चौकशी केली नाही. समोर दिसेल त्या यंत्रातल्या फायलींना कुलूप लावले आणि खंडणी मागितली. अँटिव्हायरस दारावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा पाहतो. भिंतच खचली असेल तर त्याचा उपयोग मर्यादित. शिवाय घरातली लग्नाची छायाचित्रे किंवा दुकानाची पाच वर्षांची खातेवही चोराच्या दृष्टीने कवडीमोल असली, तरी आपण त्यांच्यासाठी पैसे मोजायला तयार होऊ, हे त्याला पक्के ठाऊक असते.

नवी प्रणाली नेमके काय मागते?

विंडोज ११ च्या अटींपैकी ४ जीबी स्मरणशक्ती (रॅम) आणि ६४ जीबी साठवणीची जागा या दोन अटी बहुतेक जुने संगणक सहज पार करतात. अडते ते पुढच्या तीन गोष्टींवर.

पहिली गोष्ट प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा, आणि एएमडीचा असेल तर सामान्यतः रायझन २००० मालिकेतला किंवा नंतरचा हवा. इंटेलच्या नावात हायफननंतर येणाऱ्या आकड्याची सुरुवात पिढी सांगते. 'आय५-८२५०यू' हा आठव्या पिढीचा, 'आय५-७२००यू' हा सातव्या. ही अट वेगाची नाही, हे ध्यानात घेतले नाही तर फार गोंधळ होतो. सातव्या पिढीचा दमदार 'आय७-७७००' अपात्र ठरतो आणि त्याच्या तुलनेत अगदीच मवाळ असलेला 'सेलेरॉन एन४०००' पात्र ठरतो. हे अन्यायाचे वाटते, आणि माझ्या मते थोडेफार आहेही. पण सीमारेषा आखताना नव्या सुरक्षा-सोयी आणि कंपनीने तपासून पाहिलेले प्रोसेसर यांचा विचार झालेला आहे.

दुसरी गोष्ट टीपीएम ही चिपच्या रूपातली सुरक्षा-सोय, आवृत्ती २.०. ही भिंतीत चिणलेल्या छोट्या तिजोरीसारखी असते. डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या तिच्यात राहतात, आणि कोणी नुसती डिस्क काढून पळाला तर किल्ली त्याच्या हाती लागत नाही. तिसरी गोष्ट यूईएफआय आणि तिच्यातली 'सिक्युअर बूट' ही सोय. संगणक सुरू होताच सर्वात आधी जागे होणारे सॉफ्टवेअर पूर्वी 'बायोस' म्हणून ओळखले जाई. यूईएफआय हा त्याचा नवा अवतार, आणि बोलताना लोक दोघांनाही बायोसच म्हणतात. सिक्युअर बूट म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा असा रखवालदार, जो ओळखीची सही-शिक्का असलेल्यालाच आत सोडतो. विंडोज सुरू होण्याआधीच घुसू पाहणारे विषाणू तो तिथेच अडवतो.

अपात्र म्हटलेला संगणक पात्र असू शकतो

मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत सॉफ्टवेअर पात्रतेचा निकाल देते. तो निकाल 'नाही' असा आला तर कारण नीट वाचावे. कारण प्रोसेसरचे असेल तर विषय तिथे संपला. टीपीएम किंवा सिक्युअर बूटचे असेल, तर मात्र पुष्कळदा ती सोय यंत्रात असते आणि केवळ बंद ठेवलेली असते. सुटे भाग जुळवून केलेल्या डेस्कटॉपमध्ये हे विशेष आढळते. तिथे वेगळी चिप दिसत नाही म्हणून टीपीएम नाही असा समज होतो, पण आठव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरमध्ये ती 'पीटीटी' या नावाने आणि एएमडीमध्ये 'एफटीपीएम' या नावाने अंतर्भूत असते. बायोसमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. आत जाण्यासाठी संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ ही कळ बहुधा चालते.

बायोसला हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात, आणि माझा अनुभव असा, की लोक नेमक्या याच गाळतात.

डिस्कवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' हे कुलूप चालू आहे का, हे सेटिंगमध्ये पाहावे. ते अनेक लॅपटॉपवर मालकाच्या नकळत चालू झालेले असते. बायोसमध्ये बदल होताच त्या कुलपाला संशय येतो आणि ते ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. ती आधीच पाहून कागदावर लिहून ठेवावी, आणि बदल करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. की नसेल तर डिस्कवरचे सारे काही कायमचे गेले असे समजावे. तिथे कोणताही तंत्रज्ञ मदत करू शकत नाही.

दुसरी पाहणी डिस्कच्या मांडणीची. जुन्या संगणकांत डिस्कचे विभाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात याची नोंद 'एमबीआर' या जुन्या पद्धतीने ठेवलेली असते. यूईएफआयच्या पद्धतीने विंडोज सुरू करायचे तर ती 'जीपीटी' पद्धतीची लागते. जमिनीचे चतुःसीमा-पत्रक नव्या नमुन्यात उतरवून घेण्यासारखे हे काम आहे. जमीन तीच राहते, पण नोंदीत चूक झाली तर ताबा सिद्ध करणे अवघड. विंडोज १० मध्येच 'एमबीआर२जीपीटी' नावाचे साधन आहे. ते आधी नुसती तपासणी करून पाहते, आणि डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्राथमिक विभाग असतील तर नकार देते. सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडण्याची आपल्याकडे जी हौस आहे, तिच्यामुळे हा नकार काही वेळा वाट्याला येतो. रूपांतर आधी करून मगच बायोस यूईएफआयवर न्यावे. क्रम उलटा झाला तर संगणक सुरूच होत नाही, आणि घाबरलेला माणूस फॉरमॅट करून बसतो, जे करण्याची मुळीच गरज नसते.

तिसरी पाहणी एका स्वस्त बटण-सेलची. मदरबोर्डवर 'सीआर२०३२' हा सेल असतो आणि संगणकाचे घड्याळ त्याच्यावर चालते. बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायोसच्या निवडीही त्याच्याच भरवशावर टिकतात. पाच-सात वर्षांनी तो संपतो. मग दर वेळी वीज गेली की तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते, संकेतस्थळे 'सुरक्षित जोडणी नाही' असे म्हणू लागतात, आणि आपण कष्टाने चालू केलेली टीपीएम पुन्हा बंद झालेली असू शकते. सुरुवातीलाच नवा सेल घालणे शहाणपणाचे.

डिस्क फिरणारी असेल तर आधी तिचे पाहा

पात्र ठरलेला संगणक वापरण्याजोगा असेलच असे नाही. २०१८-१९ चे पुष्कळ लॅपटॉप फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कसह विकले गेले. अशा डिस्कवर माहिती शोधण्यासाठी एक सुई प्रत्यक्ष इकडून तिकडे हलते आणि सेकंदाला शंभराच्या आसपास ठिकाणी पोहोचते. एसएसडी या चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये हलणारा भागच नसल्यामुळे ती त्याच अवधीत हजारो ठिकाणे वाचते. विंडोज ११ पार्श्वभूमीला इतकी बारीकसारीक वाचने करते, की फिरत्या डिस्कवर नुसते स्टार्ट बटण दाबूनही चहा करून यावा. जुन्या संगणकावर एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करावा, असे माझे ठाम मत आहे. दुसरा खर्च स्मरणशक्तीचा. ४ जीबी ही कागदावरची अट आहे, व्यवहारात ८ जीबी लागतेच. २०२५ च्या अखेरीपासून स्मरणशक्तीच्या पट्ट्यांचे भाव बरेच चढल्यामुळे हा खर्च पूर्वीइतका किरकोळ मात्र उरलेला नाही.

डिस्कची तब्येत 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत सॉफ्टवेअरने पाहता येते. तिथे 'सावधान' असा पिवळा इशारा दिसला, तर बाकी सगळे बाजूला ठेवून प्रथम फायलींची प्रत (बॅकअप) काढावी, कारण प्रणाली बदलताना डिस्कवर जो ताण येतो, तोच तिचा शेवटचा ठरू शकतो.

प्रत काढायची म्हणजे नेमके काय काय?

'डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो कॉपी केले, झाली प्रत,' असे समजणारे लोक फसतात ते मराठीच्याच बाबतीत. आपल्याकडे श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव यांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर अजून ढिगाने पडलेला आहे. पतसंस्थांची इतिवृत्ते त्यात आहेत, लग्नपत्रिकांचे नमुने आहेत, दिवाळी अंकांची पाने आणि न्यायालयीन अर्जही आहेत. या मजकुरात मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, ज्यांना फाँट मराठी रूपाचा मुखवटा चढवतो. फाँट गेला की उरते ते अर्थहीन इंग्रजी कडबोळे. फाइल शाबूत आणि मजकूर गायब, अशी ही विचित्र अवस्था. फाँट विंडोजच्या स्वतःच्या 'फाँट्स' फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे नेहमीच्या प्रतीत ते येत नाहीत. तो फोल्डर वेगळा उचलून ठेवावा लागतो. नव्याने विंडोज टाकल्यावर मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँटही कदाचित दिसणार नाहीत, पण त्याची काळजी नको. ते देवनागरीच्या ऐच्छिक संचात गेलेले आहेत आणि सेटिंगमधून मराठी भाषा जोडली की येतात.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बहुधा डॉक्युमेंट्सच्या बाहेर, थेट सी ड्राइव्हवर किंवा 'पब्लिक' फोल्डरमध्ये असतो. आउटलुक वापरणाऱ्यांची टपालपेटी एका स्वतंत्र फायलीत असते. ब्राउझरमधल्या खुणा आणि पासवर्डही पाहून घ्यावेत. हे सगळे बाहेरच्या डिस्कवर घेऊन, दुसऱ्या संगणकावर दोन-चार फायली उघडून पाहाव्यात आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर विषाणूच्या तावडीतही मूळ फायलींबरोबरच सापडते. इंटरनेटवर फायली ठेवणारी वनड्राइव्हसारखी सोय उपयुक्त आहे, पण तिथली मोफत जागा ५ जीबी, आणि इथे पुसले की तिथेही पुसले जाते; त्यामुळे तिला प्रत म्हणणे धोक्याचे.

प्रिंटर, डोंगल आणि टोकन

बाहेरच्या उपकरणाची भाषा विंडोजला समजावून देणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. विंडोज १० वर ६४ बिटी, म्हणजे नव्या घडणीच्या, ड्रायव्हरने चालणारे उपकरण ११ वर बहुधा चालतेच. सध्याचे विंडोज १० जर ३२ बिटी, म्हणजे जुन्या घडणीचे, असेल तर मात्र चित्र पालटते. विंडोज ११ फक्त ६४ बिटी आहे, त्यामुळे ३२ बिटी ड्रायव्हर तिथे चालत नाहीत, फार जुनी १६ बिटी सॉफ्टवेअरे तर सुरूच होत नाहीत, आणि फायली-सॉफ्टवेअर जसेच्या तसे ठेवून वर जाण्याची वाटही बंद असते. सगळे नव्याने टाकावे लागते. २००१ सालच्या पेजमेकर ७ या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरवर आणि यूएसबी डोंगलवर (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली असलेल्या छोट्या उपकरणावर) ज्यांची रोजीरोटी चालते, त्या डीटीपी व्यावसायिकांनी डोंगलचा ६४ बिटी ड्रायव्हर हाती आल्याशिवाय मुख्य यंत्राला हात लावू नये. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांची किल्ली टोकनमध्येच सुरक्षित असते. त्यांनी त्याचे सॉफ्टवेअर आणि पिन तेवढी हाताशी ठेवावी.

'सरळ फॉरमॅटच मारलेला बरा ना?'

संगणक निरोगी असेल तर नाही. विंडोज १० वरून ११ वर चढताना फायली, फाँट आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात, आणि अस्सल विंडोज १० असेल तर परवानाही मोफत पुढे चालतो. दुकानदाराने परवान्याशिवाय 'टाकून दिलेली' प्रत असेल, तर ती अकरावरही अनधिकृतच राहते. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी घालायची असेल तर जुनी डिस्क तिच्यावर जशीच्या तशी उतरवून मग चढावे. फॉरमॅटची वेळ विषाणूबाधा असेल किंवा ३२ बिटी प्रणाली असेल तेव्हा येते.

नव्या विंडोजची फाइल ५ जीबीहून मोठी आहे, म्हणून मोबाइलच्या रोजच्या डेटावर ती उतरवू नये. चांगली जोडणी असलेल्या ठिकाणी 'मीडिया क्रिएशन टूल' वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती एकदा घेतली की घरातले सगळे संगणक त्यावर भागतात. जिथे वीज जाते-येते तिथे डेस्कटॉप यूपीएसवर असल्याशिवाय काम सुरू करू नये, बायोसची आवृत्ती बदलताना तर मुळीच नाही.

अटींना बगल देऊन चढवले तर?

तसे करण्याच्या युक्त्या इंटरनेटवर हव्या तितक्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक चालतातही. पण अशा संगणकाला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या अपडेटसाठी हा सारा खटाटोप, त्याचीच शाश्वती नसेल तर शाकारणी करून कौलेच विसरल्यासारखे होईल. कोअर २ ड्युओच्या काळातल्या यंत्रांना तर ही पळवाटही उरलेली नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये ज्या अंगभूत आज्ञा लागतात, त्या त्यांच्यात नसल्याने ती सुरूच होत नाही. प्रयोगाच्या यंत्रावर हौस म्हणून हे करायला हरकत नाही. दुकानाचा हिशेब ज्यावर आहे, त्यावर करू नये.

पात्रच नसेल तर काय?

घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने 'ईएसयू' ही मुदतवाढ जाहीर केली आणि तिच्यानुसार विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंगची नोंद मेघसाठवणीत (क्लाउडवर) ठेवण्यास संमती दिली तर ती मोफत आहे. नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा तितके रुपये भरावे लागतात, आणि एका खात्यावर १० यंत्रे बसतात. या मुदतीत पैसे साठवून नवे यंत्र घेणे हा अनेकांसाठी सर्वात व्यवहार्य मार्ग.

ज्यांचे काम ब्राउझर, टपाल, पत्रलेखन आणि चित्रफिती एवढेच आहे, त्यांच्यासाठी लिनक्स मिंट किंवा उबंटू ही दुसरी संगणकप्रणाली हा खरा पर्याय आहे. दोन्ही मोफत आहेत, त्यांत युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक चालतो, आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता, आठवडाभर वापरून पाहता येतात. विंडोजसाठीच बनवलेले हिशेबाचे किंवा डीटीपीचे सॉफ्टवेअर तिथे चालेलच असे नाही, त्यामुळे त्या लोकांनी हा मार्ग जुने यंत्र मुलांना किंवा आजी-आजोबांना देण्यापुरता ठेवावा.

चढवल्यानंतरचे दहा दिवस

नवी प्रणाली आल्यावर जुनी 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये जपलेली असते आणि सेटिंगमधल्या रिकव्हरीतून १० दिवसांपर्यंत मागे फिरता येते. हा फोल्डर पाहून 'वीस जीबी फुकट अडली' म्हणून तो लगेच पुसण्याचा मोह आवरावा. त्या दिवसांत प्रिंटरवर एक पान छापावे, स्कॅनर चालवून पाहावा, श्री-लिपीतली जुनी फाइल उघडून अक्षरे नीट दिसतात का ते पाहावे, टोकन लावून एखाद्या कागदावर स्वाक्षरी करावी, हिशेबाचे मागचे वर्ष उघडावे. बिटलॉकर स्थगित केले असेल तर ते पुन्हा चालू करावे आणि रिकव्हरी की बदलली नाही ना, हे कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहावे. काही अडले आणि उपाय सापडला नाही तर दहाव्या दिवसापूर्वी मागे फिरावे. त्यानंतर विंडोज जुना फोल्डर आपणहून पुसते, आणि मग हाताशी उरते ती फक्त कपाटातली डिस्क.